गोविंदा गवंडी आणि दर साली फुटणारी भिंत

निडीच्या गोविंदा गवंड्याला भिंतीतली भेग दाखवली की तो आधी भेगेकडे बघत नसे, मालकाकडे बघे. आजार भिंतीला नसतो, मालकाला असतो, असं त्याचं ठाम मत. आणि मत पोटात ठेवणारा तो नव्हे. रोह्यात एका साहेबांनी भेगेवर कॅलेंडर टांगलं होतं. दुसऱ्या वर्षी भेग खाली उतरली, तेव्हा त्यांनी मोठं कॅलेंडर आणलं. "पुढल्या साली नाटकाचा पडदाच आणा साहेब," असं त्यांच्या बायकोदेखत बोलून हा मोकळा. वडखळच्या एका शहाण्याने भेगेत दात घासायची पेस्ट भरली होती. गोविंदाने ती नखाने उकरून हुंगली आणि म्हणाला, "भिंतीच्या तोंडाचा वास गेला, तडा हाय तसाच हाय."

तरी लोक त्यालाच बोलवत, कारण हाताला तोड नव्हती. भेग आतपर्यंत मोकळी करायची, धुवायची, आडव्या सळया घालून दोन्ही बाजू शिवायच्या, मग जाळी मारून गिलावा. पण त्याआधी तो भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून निघून जायचा. चार दिवसांत पट्टी फुटली, तर भिंत अजून हलतेय असं समजायचं.

असा हा गावभर लोकांची अक्कल काढणारा माणूस पेणला विशालच्या कारखान्यात मात्र अकरा वर्षं मूग गिळून बसला होता.

त्याचं असं झालं. विशाल गणपतीच्या मूर्ती करतो. खाली उंच छताचा कारखाना, वर घर. एका मंडळाने मोठी मूर्ती सांगितली, विशालने हौसेने बारा फुटी उभी केली, रंग झाला, डोळे आखून झाले, आणि मग सगळ्यांना आठवलं की दार सात फुटी आहे. आता बोला. शेवटी दाराशेजारची भिंत वरपर्यंत फोडली, बाप्पाला बाहेर काढलं आणि खिंडार बुजवायला गोविंदाला बोलावलं. पुढच्या वर्षी तरी माणसाने मोठं दार ठेवावं की नाही? छे. पुढच्या वर्षी मूर्ती तेरा फुटी. पुन्हा श्रावणात फोडा, पुन्हा भाद्रपदात बांधा. जणू सणाचा तो एक विधीच होऊन बसला.

गोविंदाला यातलं कळत नव्हतं असं नाही. जुन्या भिंतीला नुसती वीट लावून रचली की ती धरत नाही आणि एवढ्या खिंडारावर आडवा गर्डर नसला तर वरचा सगळा भार लोंबकळतो, हे तो झोपेतसुद्धा सांगेल. पण दर सालचं हुकमी काम कोण सोडतो? निडी स्टेशनात गाडीची वाट बघताना तो विशालची टर उडवायचा, ऐकणारे पोट धरून हसायचे आणि भाद्रपदात हाच थापी घेऊन पेणला हजर.

यंदा विशालने श्रावणातच बोलावलं. भेग बुजवलेल्या खिंडाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघून वरच्या खोलीत शिरली होती. त्याच भिंतीला लागून विशालच्या आईची, सीताबाईंची खाट. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. दिवसभर त्या भिंतीला पाठ टेकून बसायच्या. गोविंदाने खाटेच्या वरच काचेची पट्टी लावली. चार दिवसांनी येऊन बघतो तर पट्टीचे दोन तुकडे आणि मध्ये नखभर फट.

खाली येऊन तो म्हणाला, "विशाल, यंदा भिंत फोडायची नाय. आधी टेकू लावू, गर्डर टाकू, वरची भेग सळयांनी शिवू. नायतर वरची खोली खाली येईल. आणि काकूंना आजच हलव."

"शनिवारी मूर्ती न्यायला टेम्पो येतोय काका. पुट्टी मारून दे. पुढल्या साली बघू."

"पुढल्या साली बघायला कोण ऱ्हाईल?"

"अकरा वर्षं मी फोडतोय नि तू बांधतोयस," विशाल म्हणाला. "तवा नाय बोललास. आता गर्डरवाल्याशी कमिशनचं काय बोलणं झालंय का तुझं?"

आयुष्यभर दुसऱ्यांना टोमणे मारणाऱ्या गोविंदाला आज टोमणा बसला. विशालचं चुकत नव्हतं, तेच तर झोंबलं. तो तडक जिना चढून वर गेला.

"काकू, उठा. खाट पलीकडं घेऊ. ही भिंत धोक्याची हाय."

सीताबाई हलल्या नाहीत. "माझी खाट पलीकडंच होती रे. तीन वर्षांमागं हितली बारीक भेग लिंपलीस, तवा तूच बोललास, काकू, हितं टेका, माझा हात लागलाय, पणतवंडांना पुरेल. आठवतं?"

आठवत होतं. त्यांच्याच घरचा चहा पिता पिता बोलला होता. "तवा चुकलो काकू."

"आणि आता बरोबर कशावरनं? पोरगा म्हणतो भिंत बरी हाय, तू म्हणतोस वाईट." त्या खाटेवर जरा बाजूला सरकल्या. "बस हितं. माझ्यासारखी पाठ टेक. चहा होईपर्यंत बस. मग मी काय ते ठरवते."

गोविंदा बसला. न बसून करतो काय? पाठ मागे नेऊ लागला. दोन बोटांचं अंतर उरलं आणि तिथून पाठ काही पुढे जाईना. डोक्यावरची ती फुटकी पट्टी त्याला न बघताही दिसत होती. तो ताडकन उठून उभा राहिला.

दारात विशाल होता. त्याने सगळं बघितलं होतं. त्याने आईला उचललं, खाली नेऊन अंगणात खुर्चीवर बसवलं आणि फोन करून शनिवारचा टेम्पो रद्द केला.

"गर्डर कधी आणतोस?" त्याने गोविंदाकडे न बघता विचारलं.

"आजच."

सीताबाईंनी गोविंदाला हाताने जवळ बोलावलं. "तीन वर्षं टेकून बसले रे मी तुझ्या शब्दावर," त्या म्हणाल्या. "तुला चहा होईपर्यंत पण नाय जमलं."