कासमभाईंनी मांडलेल्या सोंगट्या

कासमभाईंना एकदा तरी हरायचं होतं.

आज सकाळी रत्नागिरीजवळच्या त्यांच्या गावी ते वारले. त्यांच्या मुलाचा मेसेज आला. शांतपणे गेले, म्हणाला.

ओमानमध्ये, इब्रीला, त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं. मी तिथे शाळेत इंग्रजी शिकवायचो. मस्कतची माणसं मला सर म्हणायची. कासमभाई मास्तर म्हणायचे. मला मास्तर बरं वाटायचं.

इब्रीचा बाजार दुपारी बंद. चारपर्यंत करायला काही नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत कॅरम. वर पंखा. ऑइलचा वास. काळा चहा, भरपूर साखर.

रोज खेळायचो, म्हणून चांगलं खेळायचो. यापलीकडे रहस्य नाही.

खोलीचा एकच नियम होता. हरेल त्यानं पुढच्या डावाच्या सोंगट्या मांडायच्या.

कासमभाईंना सोंगट्या मांडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा ओमानमधल्या मराठी माणसांची एक कॅरम स्पर्धा असायची. निझवा, सूर, बुरैमी आणि इब्री असा बाहेरगावचा गट. त्यात आम्ही इब्रीवाले लागोपाठ दोन वर्षं एकही सामना हरलो नाही.

पण शेवटच्या चारांत कोण, हे मस्कतची समिती ठरवायची. तीन संघ मस्कतचेच. चौथा सलालाहचा. सलालाह हरून आलं तरी सलालाहच. नाव मोठं.

समितीचे प्रमुख जोगळेकर. मूळचे पुण्याचे, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मस्कतमधल्याच रुवीच्या संघातून स्वतः खेळायचे. सज्जन माणूस, हे आधीच सांगतो.

कासमभाईंनी त्यांना फोन लावला आणि मी ऐकावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

जोगळेकर म्हणाले, "हरला नाहीत, मान्य. पण हरवलंत कुणाला? क्वालिटी ऑफ ऑपोझिशन बघावी लागते."

"जे समोर बसले त्यांना हरवला. तुमी बसलावच नाय, तर तुमाला कसा हरवू?"



मग कासमभाईंनी त्यांना इब्रीला यायचं आमंत्रण दिलं. जोगळेकर म्हणाले, बघू, इन्शाल्ला.

फोन ठेवून कासमभाई मला म्हणाले, "पुण्याचा बामण इन्शाल्ला बोलला. म्हंजे नाय येत."

खरं तर मला जोगळेकरांचंही पटत होतं. निझव्याचा एक खेळाडू दर सामन्याला चष्मा घरी विसरायचा. त्याला हरवण्यात काय मोठेपणा? मी तसं म्हणालो.

कासमभाई चिडले नाहीत.

"मास्तर, आपण वाईट असू. पन ता त्यांनी मस्कतात बसून कसा ठरवायचा? हरवा, नि मग भायेर काढा."

इतकंच त्यांचं मागणं होतं. कपबिप नको होता. समोर बसून हरवा.

पुढच्या वर्षी ओमानची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली. सगळ्यांचाच आठवडा महिनाभर चुकत होता. जोगळेकरांचाही चुकला असावा. साइट व्हिजिटला इब्रीला आले ते नेमके सुट्टीच्या शनिवारी, तेही भर दुपारी. सगळीकडे शटर खाली. बसायला जागा नाही.

मागच्या खोलीत आले. टाय, चकचकीत बूट. ऑइलच्या डब्यावर बसले.

पहिला डाव कासमभाईंकडून हरले. मी नियम सांगितला. त्यांनी निमूटपणे सोंगट्या मांडल्या. राणी मधोमध.

दुसरा डावही हरले. पुन्हा मांडल्या.

चहा संपवून म्हणाले, "या वर्षी या तुम्ही."

सलालाहवाले नाराज झाले. त्यांचंही अगदी खोटं नव्हतं. ते त्या वर्षी एकदाच हरले होते, आणि तेही रुवीकडून.

सामना रुवीशी, मस्कतमधल्या दार्सैतच्या एका हॉलमध्ये. एसी. बोर्ड आरशासारखा.

तिथे आम्हाला आमची चूक कळली.

इब्रीत धूळ सगळ्यात शिरते. आमच्या बोर्डातही शिरली होती. कितीही पावडर टाका, सोंगटी जडच चालायची. आम्हाला जोरात मारायची सवय. जोगळेकर आमच्याकडे त्याच धुळीत हरले होते, आणि आम्ही समजलो होतो की आमच्या खेळापुढे हरले.

इथे माझा पहिला फटका. स्ट्रायकर बोर्डावरून उडून समितीच्या एका वहिनींच्या पर्समध्ये गेला.

एकेरीत मी हरलो. दुहेरीत आमची जोडी कशीबशी जिंकली. उरला शेवटचा सामना, कासमभाई आणि जोगळेकर.

शेवटच्या डावात कासमभाईंनी राणी घेतली. कव्हरची सोंगटी भोकाच्या तोंडाशी. नुसता स्पर्श पुरला असता.

हाताला स्पर्श ठाऊक नव्हता. सोंगटी गेली. तिच्यामागे स्ट्रायकरही गेला.

फाउल. राणी परत मधोमध. पुढच्या दोन हातांत जोगळेकरांनी डाव संपवला.

टाळ्या झाल्या. लोक जेवणाकडे वळले.

कासमभाई उठले नाहीत. भोकांतून सोंगट्या काढल्या आणि एकेक मांडू लागले. काळी, पांढरी, काळी, पांढरी. फार हळू. सवय नव्हती.

जोगळेकर म्हणाले, "अहो, सामना संपला."

"रीत हाय," कासमभाई म्हणाले. "आता बोला तुमी, इब्री कच्ची हाय. आता आयकतो."

 जोगळेकरांनी स्वतःच्या हातानं त्यांच्यासाठी ताट वाढून आणलं.

परतताना निझव्याला चहाला थांबलो. मला वाईट वाटत होतं. कासमभाई खुशीत होते. उडालेल्या स्ट्रायकरची गोष्ट चहावाल्याला त्यांनी हिंदीत दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा तो माझ्यामुळेच उडाला होता.

त्यानंतर बाहेरगावच्या गटात न हरलेल्या संघाला थेट जागा मिळू लागली. सूचना जोगळेकरांची.

मघाशी बातमी सांगायला त्यांना फोन केला. आता ते पुण्यात असतात. 

म्हणाले, "इब्रीत ते जिंकले, मस्कतला मी. तिसरा राहिला हो."

कासमभाई, या वेळी सोंगट्या आम्ही मांडतो.

मास्तरचा सलाम.