अप्पामामांनी घेतलेला आठवडा

पुण्याहून गाडीत बसले तेव्हा एकच काम डोक्यात होतं: अप्पामामांना आवरायचं. आमचे हे मामा धारवाडला राहतात. हायस्कूलमध्ये जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे. त्यांची मुलगी सुषमा बंगळूरला असते. तिने फोनवर सांगितलं की अप्पांनी नेदरलँड्सच्या कुणा बाईंकडून एक आठवडा विकत घेतलाय. घर नाही, जमीन नाही, आठवडा. अळणावरच्या पुढे जंगलाच्या कडेला एक रिसॉर्ट आहे. तिथली छोटी घरं एकेका आठवड्यापुरती विकतात. ज्याचा जो आठवडा, त्याचं ते घर दरवर्षी तेवढे दिवस. या बाईंना आपला आठवडा नकोसा झाला म्हणून त्यांनी तो इंटरनेटवर विकायला काढला आणि धारवाडात बसून मामांनी तो पटकावला. सुषमाच्या मते ही शुद्ध फसवणूक होती. मी वकील, तेव्हा मला धाडलं.

हुबळीला उतरले तो गुरुवार होता. इथला फलाट चालून संपतच नाही. बॅग ओढून खांदा निखळायची वेळ आली तेव्हा कुठे मामा दिसले, सोबत त्यांचा नेहमीचा टॅक्सीवाला बसू. बसूने बॅग घेता घेता मला विचारलं, "ऊट आतेन्री, अक्का?" (जेवण झालं का?) इकडे नमस्काराच्या जागी हेच विचारतात. मामांना मात्र त्याने विचारलं नाही. "अप्पांचा गुरुवार असतो," तो म्हणाला. ते मला ठाऊकच होतं. मामांचा दत्ताचा गुरुवार आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. लहानपणी आम्हाला त्याचे दाखले देत.

घरी न जाता मामांनी गाडी दुर्गदबैलला घेतली. त्या बाजारात हातगाड्या, रिक्षा आणि माणसं एकमेकांना न चिरडता कशी पुढे सरकतात हे मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. मामांनी एका दुकानात सहा इरकली साड्या काढून घेतल्या. कुणाला, म्हटलं, तर म्हणाले, पाहुण्यांना. आठवडा शनिवारी सुरू होणार होता, रोज एका घरची माणसं तिथे जेवायला यायची होती आणि आमंत्रणं कधीच गेली होती. आठवडा अजून मामांच्या नावावरही नव्हता. तो खोटा निघाला, तर या वयात सहा घरांपुढे त्यांची मान खाली जाणार होती.

शेजारच्या फराळाच्या दुकानात पुढ्यात गिरमिट (ओल्या मसाल्यात कालवलेले चुरमुरे) आणि मिरची भजी आली. मामा नुसता चहा घेत फोनवर रिसॉर्टशी बोलत होते. कानडी मला जेमतेम समजतं, पण "नंद ओंद वार ऐती" हे स्पष्ट ऐकलं. म्हणजे माझा एक वार आहे! सात दिवसांचे पैसे घेऊन बाईंनी यांच्या गळ्यात एकच दिवस मारला, असं मला वाटलं आणि मी भर दुकानात तसं बोलूनही दाखवलं. मामा हसले. "अगं, कानडीत वार म्हणजे आठवडा. पूर्ण आठवडा ऐती बघ." बसू तर दुसऱ्या दिवशी अळणावर येईपर्यंत हसत होता.

त्या शुक्रवारच्या प्रवासात मी मामांची उलटतपासणी घेतली. उत्तरं चोख होती. मधल्या दलालाला त्यांनी हात लावू दिला नव्हता. बाईंशी सहा महिने थेट पत्रव्यवहार चालला होता. पैसे त्रयस्थ खात्यात होते आणि नाव बदलल्यावरच ते बाईंना मिळणार होते. अडलं होतं ते एवढ्यावर, की मूळ मालकिणीने रिसॉर्टच्या माणसासमोर स्वतःच्या तोंडाने होकार द्यायला हवा होता.

अळणावर मागे पडलं आणि जंगल सुरू झालं. लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना साग, मग सागाहून उंच अशी झाडं, ज्यांची नावं मला येत नाहीत. आम्ही आपोआप हळू आवाजात बोलू लागलो. रिसॉर्टच्या ओसरीवर चढते न चढते तोच डोक्यावरून दम लागल्यासारखा फस्‌ फस्‌ आवाज गेला. वर बघितलं तर एक प्रचंड काळा-पांढरा पक्षी, पिवळी चोच हातभर लांब. व्यवस्थापक हेगडे म्हणाले, मंगट्टे हक्की (धनेश). मादी समोरच्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि तिच्या नि पिल्लांच्या तोंडात घास घालायला नर दिवसभर फेऱ्या मारतो. दरवर्षी हेच झाड. मी वकिली विसरून बघत राहिले. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

हेगडेंनी फोन लावला आणि पडद्यावर योहानाबाई आल्या. पांढरे आखूड केस, अंगावर शाल, मामांच्याच वयाच्या. म्हणजे बाई खरी होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पक्ष्याचा. हेगडेंनी फोन झाडाकडे फिरवला. नर ढोलीपाशी आला, फळ आत सरकवलं, उडाला. बाई पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या की नवऱ्याबरोबर इतकी वर्षं त्या हेच बघायला येत होत्या, आणि आता देववेल की नाही ते त्यांनाच सांगता येत नाही. कायद्याने त्यांना माघार घेता येत होती. मामांच्या मांडीवर साड्यांची पिशवी होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे इथे कोण येणार?"

मामा त्यांच्या शाळामास्तरी इंग्रजीत सांगू लागले आणि तेव्हा मलाही पहिल्यांदा कळलं. खेड्यातून शिकायला आलेला हा मुलगा धारवाडात वार लावून जेवत होता. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. ज्याचा जो वार, त्या दिवशी त्या घरात त्याचं पान मांडलेलं असायचं. त्या घरांतली मुलंनातवंडं त्यांनी शोधून काढली होती. आता आपल्या हक्काच्या घरात, ज्याच्या त्याच्या वारी, त्यांना जेवायला वाढायचं होतं.

बाईंनी बोटांवर घरं मोजली. "ही सहा झाली. गुरुवारी कोण?"

"गुरुवारी मला घर मिळालं नव्हतं," मामा म्हणाले. "लोकांना सांगायचो, देवाचा उपास आहे. मग तीच सवय झाली."

मला एकदम रडू फुटलं. आमच्या घराण्यातला तो प्रसिद्ध गुरुवार!

योहानाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि हेगडेंना म्हणाल्या, आठवडा या गृहस्थांना द्या. मात्र अट एक, गुरुवारचं घर माझं. त्या दिवशीचं जेवण माझ्याकडून आणि जेवणारे हेच. हेगडेंनी माझ्याकडे बघितलं. असलं कलम कुठल्या करारात बसत नाही. मी म्हटलं, मान्य आहे.

दोन दिवसांसाठी गेलेली मी गुरुवारपर्यंत राहिले. रोज एक घर येत होतं, पोरांचा गलका होत होता आणि मामा वाढता वाढता थकत नव्हते. शनिवारच्या घरातल्या नातसुनेला तर आपल्या घरी कुणी असं जेवत होतं हे माहीतही नव्हतं; साडी हातात घेऊन ती नुसती उभी राहिली. गुरुवारी मात्र कुणी येणार नव्हतं. ओसरीवर एकच पान मांडलं: भाकरी, एण्णेगाई (भरली वांगी), शेंगाचटणी, गव्हाची हुग्गी (खीर). पानासमोर तांब्याला टेकवून फोन ठेवला, त्यात बाई. मामा पानावर बसले, पण हात पुढे जाईना. बाई पलीकडून "प्लीज" म्हणाल्या, पुन्हा म्हणाल्या. मग त्यांनी भाकरी मोडली.

दुपारी बसू मला न्यायला आला. "ऊट आतेन्री, अक्का?" म्हणाला आणि सवयीने मामांना सोडून बॅगेकडे वळला.

"मला पण विचार की," मामा म्हणाले.

बसू गोंधळला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग विचारलं, "ऊट आतेन्री, अप्पा?"

"आत्रि," मामा म्हणाले. झालं.

हुबळीच्या त्या न संपणाऱ्या फलाटावर मी या वेळी सावकाश चालले. कुणाच्या घरी आपला एक दिवस असणं ही केवढी गोष्ट आहे, हे मला या वयात, ज्याला फसवणूक समजून आवरायला निघाले होते त्या आठवड्याने दाखवलं. गाडी सुटली आणि सुषमाचा फोन आला. सगळं ठीक आहे ना, तिने विचारलं.

मी म्हटलं, "मामा जेवले."

"बरं," ती म्हणाली आणि तिकिटाचं काहीतरी विचारू लागली. मग आज कोणता वार आहे ते तिच्या लक्षात आलं आणि ती बोलता बोलता थांबली.