चार नंबर लग्नाला गेला

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही दोघं मागांची रोजची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर लिहीत होतो. माझा सहकारी माळशिरसकडचा. कुठलंही काम आलं की तो आधी तक्ते आखायचा: कोणती माहिती साठवायची, कशाचा कशाशी संबंध. मी ऑब्जेक्टवाली, म्हणजे प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गोष्टीची एक वस्तू करणारी. वस्तू काय करते, ते मला आधी हवं असतं. त्यामुळे माझ्या प्रोग्रॅममधला माग सुरू व्हायचा, थांबायचा, धागा तुटला की स्वतः सांगायचा. विणकराला मी त्या मागाचाच एक गुणधर्म करून टाकलं होतं.

"माणूस मागाच्या पोटात कशाला कोंबतेस? त्याचा तक्ता वेगळा कर," सहकारी म्हणाला.

"तुला सगळ्या जगाचे रकानेच दिसतात," मी म्हटलं. भांडण नव्हतं, पण माघार घ्यायचीही नव्हती. दोन महिने खपून केलेलं काम, आणि माझं पहिलंच.

मालकांनी अट घातली होती. माग दुरुस्त करणारे जॉबरमामा हो म्हणाले तर सॉफ्टवेअर राहील, नाहीतर भिंतीवरचा फळा आणि खडू काही वाईट नाही. सोमवारी सकाळी मामा पडद्यासमोर बसले. दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं आणि माझी कॉलर ताठ झाली. मग त्यांचं बोट थांबलं.

"चार नंबर करकंबला लग्नाला गेलाय. हितं कुटं लिवू?"

पडद्यावर पर्याय तीनच: चालू, बंद, दुरुस्ती. लग्नाला जाणारा माग मी काही केला नव्हता. सहकारी खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता.

"माग बंद आहे का, मामा?"

"माग कशाला बंद? त्याच्यावर आज दुसरा हाय की. चार नंबर न्हाय."

तेव्हा कळलं, कारखान्यात विणकरालाच मागाच्या नंबराने हाक मारतात. दोष ऑब्जेक्टच्या पद्धतीचा नव्हता, माझाच होता. मी कधी विचारलंच नव्हतं. मी मुकाट्याने विणकर वेगळा काढला. त्याच्या तक्त्यात सहकाऱ्याने नावाचा रकाना सक्तीचा केला, आणि चार नंबरचं नाव मामांना सांगता येईना.

मंगळवारी तो आला, कपाळाला अजून हळद होती. मी नाव विचारलं. त्याने आपलं, वडिलांचं आणि आडनाव, तिन्ही सावकाश सांगितलं. मी टाइप केलं. तो वाकून वाचू लागला.

"दुसरी वेलांटी पायजे तितं," तो म्हणाला. मी दुरुस्त केली. तरी तो जागचा हलला नाही, त्याने पुन्हा एकदा सगळं वाचलं. मला फार बरं वाटलं, आणि लाजही वाटली.

मामा मागे उभे होते. "अकरा वर्सं झाली की रं तुला हितं," ते त्याला म्हणाले, "ह्ये नाव व्हय तुजं?"

मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "बाकीच्यांचीबी लिवा. एकेकाला बोलावतो."