शेवटचं रीळ आधी

माझ्या मोठ्या मावशीचे यजमान आमच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर, आणि धाकट्या मावशीचे यजमान तिथेच मॅनेजर. म्हणजे थोरला साडू वर केबिनमध्ये भाजून निघायचा आणि धाकटा खाली पंख्याखाली बसून त्याच्या चुका काढायचा. मी तिकिटखिडकीवर असायचो. दोघांनाही काका म्हणायचो, आणि दोघंही मला समोरच्या पार्टीचा माणूस समजायचे.

एकमेकांशी ते बोलत नसत. धाकट्या मावशीच्या लग्नात कोणी कोणाला आधी नमस्कार करायचा यावरून जे बिनसलं, ते बिनसलंच. निरोप माझ्यामार्फत जायचे.

"तुझ्या काकांना सांग, आवाज कमी करा."

"तुझ्या काकांना सांग, कान साफ करून घ्या."

मधल्या लोखंडी जिन्यावर मी निरोपातली निम्मी शिवी गाळून टाकायचो. तरी उरलेली पुरेशी असायची.

ऑपरेटर काकांना सगळे 'शेवटराव' म्हणायचे. आमच्याकडे लागायचे ते बहुतेक थरारपट, आणि काकांच्या हातात शस्त्र एकच होतं, ते म्हणजे शेवट. कोणी शिट्टी मारली, कोणी प्रकाशाच्या झोतात हात नाचवला, की केबिनची छोटी खिडकी उघडायची आणि वरून शांत आवाज यायचा, "नर्सने मारलंय." खिडकी बंद. मग खाली उरलेला सिनेमाभर सुतकी शांतता. एकदा तर एका माणसाने वाट अडवून सायकल लावली म्हणून काकांनी त्याला गाठून, त्याने अजून न पाहिलेल्या तीन सिनेमांचे शेवट सांगितले होते.

थरारपटांच्या जाती त्यांनी ठरवून टाकल्या होत्या. 'कोण'चा सिनेमा म्हणजे खून झालाय, खुनी शोधा. 'कधी'चा म्हणजे खुनी आपल्याला पहिल्यापासून माहीत असतो, पोलिसालाच तेवढा माहीत नसतो. मग पाठलागाचा, बंद घराचा, सुडाचा, हेरांचा. नियमही पाठ. 'फोनवर नको, भेटल्यावर सांगतो' म्हणणारा भेटत नाही. पहिल्यांदा दचकवतं ते मांजर असतं, दुसऱ्यांदा नसतं. खुनी पकडला जाण्याआधी भाषण करतो. आणि सगळ्यात गोड बोलणारा असतो, तोच खुनी.

"खाली बसलाय बघ," ते म्हणायचे. "तिकीट फाडतानासुद्धा हसतो. असल्या हसण्याला मी शेवटच्या रिळात कितीदा बेड्या घातल्यात."

एक जात मात्र त्यांना अजिबात सोसायची नाही. दोन वैरी, एक प्रेत. दोघांना मिळून लपवायचं असतं, म्हणून दोघं एकमेकांना सोडू शकत नाहीत. "त्यात मरत कोणीच नाही," काका म्हणायचे, "म्हणून तो सगळ्यात वाईट."

मग एके दिवशी मॅनेजर काकांनी मालकांच्या डोक्यात नव्या मशीनचं खूळ भरलं. बटण दाबलं की सिनेमा सुरू. रीळ नाही, डबे नाहीत, केबिनमध्ये माणूस नाही. मालक म्हणाले, "तुमच्या निवडीचा एक सिनेमा लावा. मी स्वतः येऊन बघतो. लोक खूश झाले तर थिएटर तुमच्या मनासारखं. मशीनही आणू." हा निरोप वर पोचवायला मॅनेजर काकांनी मला मुद्दाम हसत पाठवलं.

"तुझ्या काकांना सांग, केबिन आवरायला घ्या. जळमटंसुद्धा त्यांचीच आहेत, घेऊन जा म्हणावं."

ऑपरेटर काकांनी ऐकून घेतलं. भिंगावर फुंकर मारली, फडक्याने पुसलं. त्यांचं उभं आयुष्य त्या खोलीत गेलं होतं. घरी मावशी त्यांना खुर्चीवरून उठवून केर काढायची. इथे कोणी उठवत नव्हतं.

"सिनेमा कुठला?" त्यांनी विचारलं.

सिनेमा 'कोण'चा होता. खुनी म्हणजे कुंड्यांना पाणी घालणारा गोड म्हातारा डॉक्टर. मॅनेजर काकांनी तो वितरकाकडे आधी पाहून ठेवला होता आणि दारात फलक लावला होता: 'शेवट कोणालाही सांगू नये.' हा फलक कोणासाठी होता ते कळायला शाळेत जायची गरज नव्हती.

दुपारचा खेळ. मालक बाल्कनीत पहिल्या रांगेत, शेजारी मॅनेजर काका, हसत. मध्यंतरापर्यंत सगळं सुरळीत. मध्यंतरात मी चहा घेऊन वर गेलो, तर काका कात्री घेऊन शेवटच्या डब्यावर वाकलेले.

"हे काय करताय?"

"शेवट आधी दाखवतोय. लोक खुर्च्या फाडतील. मालक त्याला जिन्यावरून खाली ढकलतील. तू खिडकी लावून घे, पैसे परत मागायला येतील."

पडदा उजळला. डॉक्टर आरशासमोर उभा राहून भाषण करू लागला: कोणाला का मारलं, कसं मारलं, सगळं. डॉक्टरच्या दाराच्या पडद्यामागून डिटेक्टिव्ह बाहेर येणार, त्याच्या आधीच काकांनी फिल्म कापली होती, कारण त्याला लागूनच 'समाप्त'ची पाटी होती. तो तुकडा त्यांच्या खिशात. पुढे मध्यंतरानंतरचं खरं रीळ, पाचवं, सुरू झालं, जसं काही झालंच नाही.

काका खिडकीला कान लावून उभे होते. मीही. खाली कोणी ओरडलं नाही.

पडद्यावर डिटेक्टिव्ह डॉक्टरशी हसून बोलला, तर बायका "अरे, अरे" करू लागल्या. त्याने डॉक्टरकडे सगळे पुरावे जपायला दिले, तेव्हा मागच्या रांगेतून एक जण कळवळून म्हणाला, "त्याला नको देऊ रे, बाबा." काकांचा चेहरा उतरत गेला. 'कोण'चा सिनेमा त्यांच्याच कात्रीने 'कधी'चा झाला होता, आणि कोणी शिट्टीसुद्धा मारत नव्हतं. उरलेल्या रिळांच्या शेवटी डिटेक्टिव्ह तापाने फणफणलेल्या आपल्या आईला डॉक्टरकडे घेऊन येतो. डॉक्टर दार उघडतो, म्हणतो, "त्यांना आत राहू दे. तुम्ही बाहेर बसा." दार लागतं. पडदा पांढरा.

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात.

मालक उठून मॅनेजर काकांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "काय सिनेमा निवडलाय. आधीच सांगून टाकलं आणि तरी घाम फोडला. असाच चालू द्या, लोक येतील तोवर. मशीनचं नंतर बघू, चाललंय ते कशाला हलवा."

मॅनेजर काका हसत होते, पण ते हसणं आता कुठे ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं. सिनेमा असा नाही हे थिएटरात दोघांनाच माहीत होतं. तिसरा मी, पण मला कोण धरतंय.

त्या दिवशी ते पहिल्यांदा जिना चढून वर आले. दारात उभे राहिले. मी निरोपासाठी सवयीने पुढे झालो, तर त्यांनी मला हाताने बाजूला केलं.

"उद्याही असंच लावा," ते थेट म्हणाले.

"मला कोणी काही सांगितलेलं नाही," ऑपरेटर काका म्हणाले.

"मी सांगतोय."

"मग मालकांसमोर सांगा."

मॅनेजर काका दारातून आत आले. "तो तुकडा कुठे आहे?"

काकांनी खिशावर हात ठेवला. "आहे."

"जाळून टाका."

"मुळीच नाही. तो आहे तोवर मी इथे आहे."

"तो निघाला तर पहिले तुम्ही जाल."

"दुसरे तुम्ही."

प्रोजेक्टर गार होत होता, त्याचा टिकटिक आवाज येत होता. मॅनेजर काका कोपऱ्यातल्या रिकाम्या डब्यावर बसले. मी आणलेला चहा तसाच होता, गार. ऑपरेटर काकांनी कप त्यांच्याकडे सरकवला. त्यात प्रेमाचा अंशही नव्हता.

"साडूंना अजून एक कप आण," मॅनेजर काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि येताना दार लावून घे."

सिनेमा अजून चालू आहे. रोज खेळ संपला की मॅनेजर काका वर येतात, खिशाकडे बघतात आणि बसतात. दोघं चहा पितात. एकमेकांकडे पाठ करायला दोघांपैकी कोणीही तयार नसतं.