मागून वाजणारे हॉर्न

सकाळी परभणीला जाताना मी पुढच्या गाड्यांना शिव्या द्यायचे आणि दुपारनंतर परत येताना मागच्यांना. रस्ता तोच, आमची पांढरी गाडीही तीच. फक्त जाताना आम्हाला घाई असायची आणि येताना घाई परवडायची नाही. मी तोंडातल्या तोंडात काय काय बोलायचे ते ऐकून नवरा म्हणायचा, "त्याला काय ऐकू यायलंय का? मलाच शिव्या द्यायलीस असं वाटायलंय."

नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस. आमचं गाव गंगाखेडच्या अलीकडे, सोनपेठच्या रस्त्याला. म्हणजे आधी गंगाखेड गाठायचं, मग गोदावरीचा पूल, मग पोखर्णी, मग परभणी. सुरुवातीला एसटीनं नेऊन बघितलं. जाताना निभायचं, पण येताना त्यांना सीटवर धड बसताही यायचं नाही. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, मुलगा पुण्यात नोकरीला, आणि धाकट्या दिरानं सायकलपलीकडं कधी काही चालवलेलं नाही. दर वेळी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? शेवटी पन्नाशी उलटल्यावर मीच स्टिअरिंग हातात घेतलं.

शिकवलं त्यांनीच, गावाबाहेरच्या माळावर. आता हा शिकवणारा माणूस कसा होता ते आधी सांगायला पाहिजे. आजारी पडायच्या आधी त्यांच्यासारखा मागून चिकटणारा ड्रायव्हर आख्ख्या तालुक्यात नसेल. पुढच्या गाडीला नाक लावायचं, डिपर मारत राहायचं, हॉर्नवरचा हात काढायचा नाही. मी शेजारी पदर मुठीत धरून बसायचे. "अहो, तो कुठं पळून चाललाय का?" म्हटलं की म्हणायचे, "रस्ता काय त्याच्या सासऱ्यानं आंदण दिलाय का?" साईड मिळाली की पुढं जाताना त्या माणसाकडं अशी मान वळवून बघायचे की मलाच लाज वाटायची. आणि असा माणूस मला माळावर सांगत होता, "पुढच्यापास्नं लांब ऱ्हायचं. तुला काय घाई न्हाई."

घाई होती. मशीनची वेळ ठरलेली असायची. आपण उशिरा पोचलो तरी आपल्यानंतरचा पेशंट त्याच्या वेळेला येऊन बसलेला असतो, त्यामुळं जितका उशीर तितकं आपलं रक्त कमी धुतलं जाणार. उसाचा हंगाम सुरू झाला की रस्ता अडायचा. ट्रॅक्टरच्या मागं दोन दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठमोठे भोंगे लावलेले. गाणी इतक्या जोरात की हॉर्न काय, तोफ उडवली तरी त्याला कळायचं नाही. त्याच्या मागं आम्ही, आमच्या मागं सगळी रांग. मी घड्याळाकडं बघायचे आणि ते माझ्याकडं.

"घाल की. जागा हाय."

"समोरून एसटी यायली."

"ती लांब हाय अजून. मी असतो तर दोनदा जाऊन आलो असतो."

"मग या इकडं, बसा."

मग मला वाटायचं, कशाला बोलले. पण माझा स्वभावच तसा आहे, आधी बोलते. जागा मिळून एकदाची ट्रॉली मागं पडली की दोघांचाही श्वास मोकळा व्हायचा. पुलावर गाडी आली की ते गंगेला, आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, दोन्ही हात जोडायचे. पूर्वी स्टिअरिंग सोडून जोडायचे. माझे हात गुंतलेले, मी नुसती हनुवटी खाली करायचे.

परत येताना सगळं उलटं व्हायचं. मशीनवरून उतरलेला माणूस कसा असतो ते ज्याच्या घरी आहे त्यालाच माहीत. पोटऱ्यांत गोळे यायचे, मळमळायचं, डोकं उचलवायचं नाही. मी मागच्या सीटवर गोधडी टाकून ठेवायचे. ते आडवे व्हायचे आणि वरची दांडी एका हातानं धरायचे. गाडी खड्ड्यात आदळली की त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा तो ऐकवायचा नाही. म्हणून मी रस्त्यातला खड्डा न् खड्डा पाठ केला. फाट्याजवळचा लांबट, पुलाच्या तोंडाशी उखडलेला, गंगाखेडच्या अलीकडचे ओळीनं तीन. प्रत्येकाच्या आधी सांगायचे, "धरा, खड्डा आलाय." मागून "हं" यायचं. मग मी इतकी हळू गाडी काढायचे की शेरडं हाकणारी माणसंही आम्हाला ओलांडून जायची.

आणि मग मागून हॉर्न. जीप, टेम्पो, मोटारसायकलवरची पोरं, कुणालाच दम नाही. आरशात बघावं तर मागच्या गाडीचा नुसता जबडा दिसायचा. डिपर डोळ्यांत. पुढं जाताना काच खाली करून बघायचे, बाई आहे म्हटल्यावर हसायचे. मला इतका संताप यायचा की वाटायचं, गाडी आडवी लावावी आणि एकेकाला खाली ओढावं. मागं ते डोळे मिटून पडलेले असायचे, पण प्रत्येक हॉर्नला त्यांच्या पापण्या हलायच्या.

त्यांच्या खिशात कायम एक पांढरी दस्ती असायची, चार घड्या घातलेला हातरुमाल. आजारपणातही ती रोज धुतलेली लागायची. एकदा मी म्हटलं, "अहो, ती दस्ती खिडकीतून बाहेर लावू का? आपल्याकडं पेशंट असला की लावतातच की लोक. सगळे बाजूला व्हतील."

त्यांनी दस्ती खिशात आणखी खाली कोंबली. "ती मरायला टेकलेल्या माणसासाठी असती. मला काय झालंय? डायलिसिसला जायलोय, मसणात न्हाई जायलो."

"हॉर्न तर बंद व्हतील."

"वाजू दे. हॉर्न मारायलेत म्हंजी गाडी चालू हाय आपली. कीव करून बाजूला झालेला रस्ता नको मला."

पुढं कितीदा तरी माझी जीभ शिवशिवली, पण तो विषय मी काढला नाही. त्यांच्याकडं आता फारसं काही उरलं नव्हतं. पाणी मोजून प्यायचं, मीठ नाही, शेतात जाणं नाही, गाडी नाही. रस्त्यावरच्या परक्या माणसांनी आपल्याला धडधाकट समजावं, एवढंच ते मागत होते. ते मला मोडायचं नव्हतं. त्यापायी मी हॉर्न ऐकत राहिले.

एका उन्हाळ्यात मात्र माझा तोल गेला. पोखर्णी सोडल्यापासून एक काळी गाडी आमच्या मागं चिकटली होती. समोरून वाहनं येत होती म्हणून तिला पुढं जाता येत नव्हतं आणि त्याचा राग ती हॉर्नवर काढत होती. त्या दिवशी त्यांना फारच त्रास होत होता. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, खाली उतरले आणि हात करून तिला थांबवलं. काळा चष्मा लावलेला चाळिशीचा माणूस काच खाली करून म्हणाला, "ओ ताई, गाडी येत न्हाई तर घरी भाकरी थापा की."

मी आमच्या गाडीकडं वळले. आमच्या गाडीचं मागचं दार उघडून त्याला दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बघ म्हणावं, कुणासाठी हळू चालवते ते. पण मी दाराला हात घालायच्या आत मागची काच खाली आली. ते उठून बसले होते. कसे उठले देव जाणे. केसांवरून हात फिरवलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. चेहऱ्यावर चक्क हसू.

"नवीन हाय ती," ते त्या माणसाला म्हणाले. "मी शिकवायलोय तिला. जावा तुमी पुढं."

तो माणूस हसला, हात करून निघून गेला. गाडी वळणापलीकडं दिसेनाशी होईपर्यंत ते ताठ बसून होते. मग त्यांनी दार उघडलं, मला म्हणाले, "धर मला," आणि रस्त्याच्या कडेला वाकून ओकले. मी त्यांची पाठ चोळत होते. आमच्या शेजारून गाड्या जात होत्या आणि त्यांच्या वाऱ्यानं माझा पदर उडत होता. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, पण ते म्हणाले, "बरं शिकवतो का न्हाई मी?" आणि मग आम्ही दोघंही हसलो.

पुढच्या हंगामात त्यांच्या अंगावर सूज राहायला लागली. आडवं पडलं की दम लागायचा. एका सकाळी निघालो तेव्हाच त्यांचा श्वास मला स्टिअरिंगवर बसून ऐकू येत होता. ते माझ्या शेजारी पुढं वाकून बसले होते, दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवून. गंगाखेड ओलांडलं आणि पुढं उसाची ट्रॉली. तिच्यापुढं आणखी एक. गाणी चाललेली. समोरून रिकाम्या ट्रॉल्यांची रांग परत येत होती. मी हॉर्न वाजवला, डिपर मारला, सगळं केलं. आता ते मला "घाल की" म्हणत नव्हते. ते काहीच म्हणत नव्हते, त्याचीच मला भीती वाटली.

मग त्यांचा हात खिशाकडं गेला. बोटं सुजलेली, दस्ती लवकर निघेना. निघाली तशी त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

"लाव," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते रस्त्याकडं बघत होते. मला "नको" म्हणायचं होतं. म्हणायचं होतं, अहो, हॉर्न वाजू द्या, गाडी चालू आहे आपली. पण मी एका हातानं काच खाली केली, दस्तीचं टोक वरच्या फटीत धरलं आणि काच परत वर घेतली. दस्ती बाहेर फडफडायला लागली. दिवे लावले. गाडी थोडी उजवीकडं काढली.

समोरून येणाऱ्यानं ती आधी बघितली. त्याचा ट्रॅक्टर मातीत उतरला. त्यानं हातानं काय खुणावलं कोण जाणे, पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून बघितलं आणि गाणी एकदम बंद झाली. दोन्ही ट्रॉल्या डावीकडं सरकल्या. पुलावर एसटी थांबून राहिली. मोटारसायकलवाले पाय टेकवून कडेला उभे. इतक्या दिवसांत त्या रस्त्यानं मला कधी अशी वाट दिली नव्हती. मी रडत गाडी पळवत होते, आणि ते खिडकीकडं पाठ करून बसले होते. बाजूला झालेल्या माणसांकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. पुलावर गंगेला हातही जोडले नाहीत.

आम्ही वेळेच्या आधी पोचलो. तरी उपयोग झाला नाही. ते काही दिवस दवाखान्यात राहिले, मुलं येऊन बसली, आणि एका दुपारी ते गेले.

घरी न्यायला ॲम्ब्युलन्स बोलावली. मुलं आणि दीर आत बसले. मला सगळे म्हणत होते, "तुमी पण बसा, गाडी कुणीतरी आणील." मी ऐकलं नाही. त्यांच्यासमोर हात रिकामे ठेवून बसणं मला जमलं नसतं. आमची गाडी दवाखान्यासमोर तशीच उभी होती, धुळीनं माखलेली. खिडकीत दस्ती तशीच अडकलेली. ती काढायची राहूनच गेली होती. मी ती तशीच ठेवली आणि ॲम्ब्युलन्सच्या मागं निघाले. मध्ये कुणी शिरू नये म्हणून अगदी चिकटून.

ड्रायव्हर गाडी जोरात चालवत होता. त्याची तरी काय चूक? आता त्याला आत जपायचं असं काही उरलं नव्हतं. पोखर्णीच्या फाट्याजवळचा लांबट खड्डा आला आणि ॲम्ब्युलन्स धाडकन आत जाऊन उसळली. मागचं दार खडखडलं. पुढं आणखी एक. परत तसंच. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. डिपर मारला. अरे हळू, हळू ने त्यांना, मी गाडीत एकटीच ओरडत होते. त्याला वाटलं मी साईड मागते आहे. त्यानं गाडी डावीकडं घेतली, काच खाली केली आणि हात बाहेर काढून मला पुढं जायची खूण केली.

मी पुढं गेले. पुढं जाऊन परत माझ्या बाजूला आले आणि वेग कमी केला, रोज येताना असायचा तेवढा. आरशात बघितलं. ॲम्ब्युलन्स माझ्या मागं आली होती. तिनं हॉर्न वाजवला नाही, साईडही मागितली नाही. तिच्या मागं हळूहळू रांग लागली. त्यातल्याही कुणी वाजवला नाही.

पुलाचं तोंड जवळ आलं. तिथं रस्ता उखडलेला आहे.

"धरा, खड्डा आलाय," मी म्हणाले आणि ब्रेकवर पाय ठेवला. मागं ॲम्ब्युलन्सही हळू झाली.