खळ्याच्या काठावर सोडलेला पट्टा

बाबा पडले तेव्हा त्यांचा बूट माझ्या हातात होता.

हे आजवर मी कुणालाच सांगितलं नाही. आता नव्वदीला टेकले. मोबाईल बोललेलं लिहून घेतो, म्हणून आज त्यांच्या तिथीला इथे सांगून टाकते.

आमचं गाव जानेफळ. प्रांताचा कारभार तेव्हा नागपुरातून चालायचा, सीपी अँड बेरार प्रांताचे दिवस. स्ट्रोक हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. बाबांना झालं त्याला लकवा म्हणायचे.

बाबांची वाचा परत आली. डावा हात आणि डावा पाय काही आला नाही.

पायाचा पंजा खाली लोंबायचा. पाऊल उचललं की बोटं मातीत घासायची आणि आता तोंडावर येतात की काय, असं वाटायचं.

मलकापूरला घोड्यांची खोगिरं शिवणारे एक चाचा होते. त्यांनी माप घेऊन उंच चामडी बूट केला. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, घोट्यावर आवळायला पट्टा. बाबा तो घालून दुकानापासून रस्त्यापर्यंत चालले. पंजा घासला नाही. आई तिथेच रडायला लागली.

चाचा मात्र हसले नाहीत.

"पाटील, हा घरातबी काढू नका. माणूस रस्त्यावर नाही पडत, घरात पडते."

बाबा हो म्हणाले. आणि घरी येताच ओट्यावर आईकडून बूट काढून घेतला. चामडं पायात घेऊन चुलीपाशी, देवापाशी कोण जाणार? बूट आत नेऊ द्यावा का, हा प्रश्नच आमच्या घरात कुणाला पडला नाही.

मग बाहेर ताठ चालणं आणि घरात भिंत धरून सरकणं, असं सुरू झालं. त्यालाच आम्ही बरं होणं म्हणायचो. वेडे होतो, दुसरं काय.

भिंतीवर त्यांच्या हाताचा तेलकट पट्टा उमटायचा. आई दर सोमवारी मातीचा पोतारा फिरवून तो बुजवायची. दर आठवड्याला तो पट्टा थोडा खाली सरकलेला असायचा.

मला ते दिसत होतं. बाबा वाकत चालले होते.

ज्वारीचं खळं लागलं, मळणी सुरू झाली. पूजेचा दिवस होता. आई घरी नैवेद्याचं पाहत होती, म्हणून बाबांसोबत मी गेले. पंधरा-सोळा वर्षांची असेन.

खळ्यात जोडा घालून कुणी जात नाही. आणि खळ्याला भिंत नसते.

काठावर येऊन बाबा थांबले.

"सोड पट्टा."

"बाबा, राहू द्या ना आजच्या दिवस."

"लक्ष्मी हाये पोरी ते. तिच्यावर जोडा घेऊन चालू काय मी?"

मी खाली बसले आणि पट्टा सोडला.

पाचव्या पावलाला पंजा कडब्यात अडकला. ते डाव्या अंगावर कोसळले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. खाटेवरून पुन्हा उठले नाहीत. ज्वारीची रास घरात यायच्या आधी गेले.

बूट कोणी काढला, असं आईनं मला एकदाच विचारलं. त्यांनीच काढला, मी म्हणाले.

एका हातानं तो पट्टा त्यांना सुटत नसे. आईला हे माहीत होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. मरेपर्यंत नाही.

गेल्या वर्षी मला स्ट्रोक आला. तोच डावा पाय, तसाच लोंबता पंजा. डॉक्टरांनी प्लास्टिकचा सपोर्ट दिलाय, बुटात बसवायचा. फिजिओथेरपीची मुलगी बजावते, आजी, घरातही बूट-सपोर्ट काढायचा नाही.

आज सकाळी सून हळूच म्हणाली, श्राद्धाचा स्वयंपाक आहे, पान वाढेपर्यंत तेवढं काढता का? चांगली आहे हो ती. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मी नाही काढला. बुटासकट स्वयंपाकघरात गेले आणि पान वाढलं. दुपारपर्यंत कुणीच माझ्याशी बोललं नाही.

बाबा, नमस्कार करते. वाकता येत नाही, उभ्यानंच घ्या.

रागावला असाल तर रागवा. मला पडायचं नाही.

तुमची थोरली