अकरा गेमचं दुकान

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम दुरुस्त करतात. अजूनही. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "आणि पोटापाण्याचं काय?" पोटापाण्याचं ताई बघते. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, एक दिवा, बटणांनी भरलेल्या बरण्या. एके काळी शाळा सुटली की इथे उभं राहायला जागा नसायची. बाप लोक मुलांकडून जप्त केलेले गेम स्वतः घेऊन यायचे आणि दुरुस्त झाले की तिथेच दोन डाव खेळून मग घरी जायचे. पुढे सगळे खेळ फोनमध्ये गेले. भाऊजींकडे कुणी फोन आणला तर ते "तो माझा विषय नाही" म्हणतात, जणू डोळ्यांच्या डॉक्टरला कुणी गुडघा दाखवतंय. असला ताठा दुकानात गर्दी असताना शोभतो. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

पाच वर्षांपूर्वी सलग चार महिने एकही गेम आला नाही. भाऊजींनी दुकानाला कुलूप लावलं आणि घरी बसले. दाढी नाही, बोलणं नाही. खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीत ते. ताई घाबरली. तिने भंगारवाल्याकडून अकरा जुने गेम आणले, बटणं चिकटून बसावीत म्हणून एकाच्या फटीत साखरेच्या पाण्याचे थेंब सोडले आणि ओळखीच्या एका पेशंटला तो घेऊन थेट घरी यायला सांगितलं. भाऊजींनी गेम उलटसुलट करून पाहिला, दाढी केली आणि दुकान उघडलं.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. दुरुस्त झालेला गेम पेशंट ताईकडे आणून देतो, गेम पुन्हा साखर पितो आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाबरोबर दुकानात जातो. गिऱ्हाईक बहुतेक वेळा एका गालाने सुजलेलं असतं. तरी भाऊजींना शंका येत नाही, अशी ताईची समजूत. मला हा निव्वळ पोरखेळ वाटायचा.

गेल्या महिन्यात दातांचे डॉक्टर आठवडाभर सुट्टीवर गेले. पेशंट नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक नाही. ताईने एक गेम माझ्या पिशवीत टाकला.

"ऑफिसातल्या एका बाईंचा आहे म्हणून सांग."

"आणि त्यांनी ओळखलं तर?"

"तर ते पुन्हा त्या खुर्चीत बसतील," ताई म्हणाली. "या वेळी त्यांना कसं उठवायचं, ते मला माहीत नाही."

मी दुकानात गेले.

भाऊजींनी गेम घेतला, तीन टोकांचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि पाठ उघडली. असा स्क्रूड्रायव्हर आमच्या ओळखीत दुसऱ्या कुणाकडे नाही, ताईकडे तर नाहीच. आत एक चिठ्ठी चिकटवलेली होती. भाऊजींची ती जुनी सवय निघाली. दुरुस्त केलेल्या प्रत्येक गेममध्ये ते तारीख आणि बिघाड लिहून ठेवतात. चिठ्ठीवर सात तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द, साखर.

भाऊजींनी शांतपणे कापसाचा इअरबड स्पिरिटमध्ये बुडवला.

"बाईंना सांग, सोमवारी मिळेल."

"भाऊजी, तुम्हाला सगळं माहीत आहे."

"पहिल्यांदा नव्हतं कळलं. तोच गेम दुसऱ्यांदा आला तेव्हा कळलं." ते बटणं पुसत राहिले. "हल्ली ती साखर जास्त घालते. मुंग्या लागतात. पण सांगणार कसं?"

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"मी घरी बसलो होतो ना, तेव्हा तुझी ताई झोपत नव्हती. मधेच उठून माझ्या नाकाशी हात धरायची, श्वास चालू आहे का बघायला. मी जागाच असायचो. गेम पाठवायला लागली आणि तिला झोप यायला लागली." त्यांनी इअरबड बदलला. "आता मला कळलंय म्हटलं, की गेली तिची झोप."

मी विचारलं, "हे काम किती वेळाचं?"

"वीस मिनिटांचं."

"मग सोमवार कशाला?"

"अकराच तर आहेत. भराभर दिले तर बिचारी दर वेळी नवा माणूस कुठून आणेल?"

ताईच्या घरी गेले तर ती दारातच उभी.

"काही म्हणाले?"

"सोमवारी मिळेल म्हणाले."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. आमच्या घरात तोंडाळ म्हणून माझं नाव आहे, पण मी फक्त रिकामी पिशवी तिच्या हातात दिली.

"सोमवार म्हणजे बघ," ताई चपला घालता घालता म्हणाली, "किती काम पडलंय त्यांच्यावर." आणि ती साखर आणायला खाली गेली.